शेंगुळी जेवत न्हाई

अडीच महिने झाले, तुझ्या सापानं घास घेतला न्हाई. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात माणसं वाटाणा ठेवतात, तिथं मी मेलेले उंदीर ठेवलेत. पिशवीत गुंडाळून, वर दोरा बांधून. तरी एकदा शेजारची यमुना बर्फ घ्यायला आली आणि तिनं न विचारता हात घातला. तेव्हापासून ती माझ्या घरचं पाणीसुद्धा पीत न्हाई. हे सगळं माझ्या गळ्यात बांधून तू गेलीस. विचारलंस का मला? एका शब्दानं तरी?

आता मायना. आमच्या बाईंनी शाळेत शिकवलं व्हतं, मोठ्याला तीर्थरूप लिहायचं आणि लहानाला चिरंजीव. गेलेल्या लहानाला काय लिहायचं ते चौथीपर्यंत काढलंच न्हाई, आणि पुढं मला कुणी धाडलं न्हाई. म्हणून नुसतंच लिहिते.

दिपे,

उद्या सकाळच्या गाडीनं मी तुझ्या शेंगुळीला घेऊन पुण्याला चाललेय. सापाची डॉक्टरीण हाय म्हणं तिथं. ती वाचंल का न्हाई ते उद्या कळंल. म्हणून आजच लिहायला बसले. उद्या काही वाईट झालं, तर परवा मी तुला खोटं लिहीन, की बरी हाय, खेळती हाय. मला माझा स्वभाव ठावूक हाय.

आधी तुझा दहावा सांगते, कारण खरं खापर तिथं फुटलं. ओझरच्या घाटावर केला. लई माणसं आली. पुढारी पण आले, तीन. एकाला तुझं नाव ठावूक नव्हतं, तो माईकवर "आपली लाडकी भगिनी" म्हणत ऱ्हायला. दुसऱ्यानं तुझ्याबरोबर स्वतःच्या रस्त्याच्या कामाला पण श्रद्धांजली वाहिली. आणि सगळं झाल्यावर कावळा शिवंना! पिंड मांडलेला, वर कावळे चांगले दहा-बारा बसलेले, पण एक खाली उतरंना. ऊन वर आलं. पुढारी घड्याळ बघायला लागले.

तुझा बाप पुढं झाला. हात जोडून म्हणला, "दिपा, तुझी गाडी मी विकणार न्हाई गं." कावळा न्हाई. तुझी आई म्हणली, "तुझी खोली हाय तशी ठेवते." न्हाई. मग तुझी मोठी आत्या रडत म्हणली, "पोरीची लग्नाची इच्छा ऱ्हायली असंल." मला राग आला. मी म्हणले, "तिला नव्हतंच करायचं लग्न, कशाला खोटं बोलतेस पिंडापुढं?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मग आता मीच बोलावं असं झालं. आणि माझ्या तोंडातनं निघालं, "दिपे, तुझा तो साप मी सांभाळते. जा आता."

बाई गं! शब्द पुरा व्हायच्या आत कावळा खाली. एक न्हाई, चार.

आता मला सांग, दुसरं काही मागता आलं नसतं तुला? कुत्रं पाळायचं, मांजर पाळायचं, पुण्यातली माणसं पोपट पाळतात. तुझी मैत्रीण गाव सोडून गेली, तिच्या सापाचं आजारी पिल्लू कुणी घेईना, म्हणून तू घेतलंस. हे तुझं न्हेमीचंच. लहानपणी पण कोंबडीची सगळी पिल्लं सोडून लंगडं तेवढं उचलायचीस.

तुझ्या बापानं काचेची पेटी आणून इथं पिंपरी पेंढारला उतरवली आणि पाणी न पिता गाडी फिरवली. त्याला वाटलं तो साप आणून टाकतोय. तो तुला आणून टाकत व्हता, आणि ते त्याला झेपलं न्हाई. एवढं मला कळतं. तेव्हापासून तो इकडं फिरकला न्हाई. जमीन वाट्यानं दिली. रोज सकाळी भोसरीवरनं फोन करतो. "आई, गोळी घेतली का?" घेतली. "बरं." संपलं. तुझं नाव न्हाई, सापाचं न्हाई.

आधी मला किळस आली, खरं सांगते. पण तुझी वही पेटीबरोबर व्हती. ती रोज एक पान वाचली, बोट ठेवून. हा आपल्याकडचा अजगर न्हाई, आफ्रिकेचा हाय, लहान जातीचा, विष न्हाई, भ्यायला की चेंडूसारखा गोळा व्हतो. कुळथाच्या पिठाची वेटोळी मी करायची ना रश्श्यात, तशी दिसते म्हणून तू नाव ठेवलंस शेंगुळी. फॉरेस्टचा माणूस आला व्हता, अजगर पाळणं गुन्हा हाय म्हणून डाफरायला. मी तुझा नोंदणीचा कागद त्याच्या नाकापुढं धरला. "वाच. परदेशी हाय. पावणी हाय." वाचून गेला.

सुरुवातीला दोन-तीनदा जेवली. बर्फातल्या उंदरांचं पार्सल आळेफाट्याला येतं, मी जाऊन आणते, उंदीर कोमट पाण्यात ठेवते, चिमट्यानं पुढं धरते. पहिल्यांदा तिनं झडप घातली तेव्हा मी चिमट्यासकट मागं पडले. दिवाळीपासून मात्र बंद. तोंड फिरवती. धरलेला उंदीर हुंगती आणि पेटीतल्या पालथ्या भांड्याखाली जाऊन बसती.

मला वाटलं बर्फातलं शिळं तिला रुचत न्हाई. आपल्या कांदे साठवायच्या बराखीत पिंजरा लावला, जिता उंदीर धरला आणि सोडला पेटीत. उंदरानंच तिला चावलं! पाठीवर, दोन ठिकाणी. हळद लावायला गेले तर गोळा झाली. साप असून उंदराला भ्याली. तुझीच निवड!

मग बायका यायला लागल्या. सोमवारी वाटीत दूध, लाह्या, कुंकू. मी म्हणले, "अगं, दूध पीत न्हाई ती. दिपीनं डॉक्टरला विचारून लिहिलंय वहीत." यमुना दारातनंच म्हणली, "डॉक्टरला काय कळतंय देवाचं?"

"मग देवाला उंदीर आण एखादा. तेवढाच हातभार."

नाक मुरडून गेल्या. पण बघायला येणं थांबलं न्हाई. आणि खरं सांगू का, मला पण ते बरं वाटायचं. तू गेल्यावर पहिले तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि चौदाव्या दिवशी वाडगं घासताना भांड्याचा आवाज मला मोठ्यानं ऐकू आला. सापामुळं तरी दार वाजायचं.

आठ दिवसांपास्नं ती मान वर करून, तोंड उघडून बसती. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजती. नाकाशी बुडबुडे येतात. गावात जनावरांचा डॉक्टर येतो त्याला दाखवलं. तो दारातच थांबला. "आजी, मी गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालतो. ह्याला बोट लावणार न्हाई." पण भला माणूस, त्यानंच पुण्याचा नंबर दिला.

माझं काय चुकतंय दिपे? थंडी हाय म्हणून पेटी मी स्वैपाकघरात आणली, चुलीच्या शेजारी. ऊब असती तिथं. लाईट गेली की गरम पाण्याची पिशवी ठेवते. रोज दिवेलागणीला तिच्यापुढं ताट घेऊन बसते. आधी तिला, मग मला. "घे गं, खा," म्हणते. तिनं न्हाई खाल्लं तर मी पण अर्धी भाकरी ठेवून देते. आणखी काय करू?

दमले. उद्या लवकर उठायचंय.

*

पुढचं आज लिहिते. मधी तीन आठवडे गेले.

गाडीत कंडक्टर म्हणला, "आजी, पाटीत काय?"

"शेंगुळी."

"आयला, लई दिवसांत खाल्ली न्हाई. उघडा की."

"उघड तूच. घाल हात." पाटीतली उशीची खोळ हलली. मग पुण्यापर्यंत त्यानं मला तिकिटाचे सुट्टे पण मागितले न्हाईत, आणि शेजारची सीट रिकामी ऱ्हायली. ऐसपैस गेले.

डॉक्टरीण तुझ्याच वयाची. केस पण तसेच कापलेले. मी बघत ऱ्हायले, तर तिला वाटलं मी घाबरले. "आजी, बसा ना." तिनं शेंगुळीला हातावर घेतली, तोंड उघडून बघितलं, छातीला नळी लावली. मग विचारायला लागली.

"पेटी कुठं ठेवता?"

"स्वैपाकघरात. चुलीपाशी."

"चूल? लाकडाची?"

"मग काय सोन्याची?"

ती हसली न्हाई. "आजी, धुरानं तिची फुप्फुसं भरलीत. फोडणीचा ठसका आपल्याला लागतो, तिला किती लागत असंल?"

मग म्हणली, "आणि जेवायला देता तेव्हा तिथंच असता?"

"असते की. पुढं बसते. जेवणाऱ्याला एकटं टाकायचं काय?"

"हो," ती म्हणली. "टाकायचं. हिला एकटंच जेवायला आवडतं. कुणी बघत असलं की तिला वाटतं आपल्यालाच कुणी खाणार. अंधार करा, पेटीवर चादर टाका, दार लावून बाहेर जा. सकाळपर्यंत डोकवायचं पण न्हाई. आणि बघायला येणारी माणसं बंद करा."

बघ बाई. आपल्या घरात सासूबाईंनी मला पहिल्या दिवशी शिकवलं, जेवणाऱ्याच्या पुढनं उठायचं न्हाई. वाढत ऱ्हायचं, घे म्हणत ऱ्हायचं. पावण्याला एकटं जेवायला लावलं म्हणजे अपमान. साठ वर्षं तेच केलं मी. सापालाही तेच केलं. आणि मारत व्हते तिला.

पण हे पण पुरं खरं न्हाई. तुला लिहितेय तर पुरं लिहिते. ऊब काय, माजघरात पण करता आली असती. तुझी ती गरम व्हणारी गादी व्हतीच की पेटीखाली. मी तिला चुलीपाशी आणली ती मला जेवताना समोर कुणी तरी पायजे व्हतं म्हणून. तिच्यासाठी न्हाई, माझ्यासाठी. तुझे आजोबा गेल्यापासनं मी भिंतीकडं तोंड करून जेवते. ते सोसलं. तू दर रविवारी फोन करायचीस, "आजी, आज काय केलंस जेवायला?" ते बंद झाल्यावर मात्र सोसंना.

येताना गाडीत मला तुझी शेवटची दिवाळी आठवली, ह्या दिवाळीच्या आधीची. सगळे पंगतीत बसलेले, तू ताट उचललंस आणि गच्चीवर गेलीस. मी खालनं ओरडले, सगळ्यांसमोर, "माणूसघाणी कुठली! माणसांत बसून जेवायला काय होतं तुला?" मी मागनं लाडू घेऊन वर पण आले, म्हणजे तिथं पण सोडलं न्हाई तुला. आल्या दिवसापासनं घरच्या बायकांत एकीचं सुरू व्हतं, पगार किती, दुसरीचं, जाड झालीस, तिसरीचं, पोरगा बघायचा कधी. आणि ताटात वरनं माझी पोळी पडायची. घास कसा उतरणार गं? तू ताट पुरं न करता खाली आणलंस आणि मी म्हणले, पुण्याचं अन्न लागतं हिला.

एवढी साधी गोष्ट. एकटं सोडायचं. सापाच्या डॉक्टरणीनं सांगावी लागली मला.

आणि जिथं सोडायला नको व्हतं, तिथं मी सोडलं. तू सोमवारी फोन केलास, ताप हाय म्हणून. मी म्हणले, आल्याचा काढा घे, आणि तुला कांद्याच्या रोपांचं सांगत बसले. शुक्रवारी तुझ्या बापाचा फोन आला. त्यावर जास्त लिहीत न्हाई. लिहून काय व्हणार हाय.

तर पेटी माजघरात न्हेली. दाराला आतनं जुनी गोधडी लावली, धूर जाऊ नये म्हणून. चूल पण मागच्या पडवीत काढली, नुसती पाणी तापवायला, जेवण आता गॅसवरच करते. भाकरीला चव न्हाई, पण करते. बायकांना सांगितलं, देव आजारी हाय, दर्शन बंद. यमुना म्हणली, "म्हातारी सापापायी माणसं तोडायला लागली." म्हणू दे.

इंजेक्शनं मीच दिली, दर तिसऱ्या दिवशी एक. डॉक्टरणीनं शिकवलं, मानेच्या खाली, पुढच्या भागात, खवल्याच्या आडनं सुई घालायची. शेळ्यांना टोचलेली हाय मी. पहिल्या वेळी मात्र सुई दोनदा मागं घेतली. एवढीशी ती, मनगटाएवढी पण न्हाई. तिनं माझ्या हाताला वेढा घातला आणि घट्ट धरून ऱ्हायली, पण चावली न्हाई. दिपे, लेकरं सुद्धा चावतात.

कात पण अडकली व्हती, शेपटीला आणि एका डोळ्यावर. ओल्या फडक्यात गुंडाळून कोमट पाण्यात तासभर घेऊन बसले. मग नखानं न्हाई, नुसत्या अंगठ्याच्या बोंडानं सोडवली. लसणाची पाकळी सोलताना आतलं पातळ साल निघतं ना, तसं निघालं. डोळ्यावरचं आपोआप गळलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मला ओळखती असं म्हणत न्हाई, उगाच गोड लिहायची सवय न्हाई मला. पण बघितलं.

शिट्टी थांबली. बुडबुडे थांबले. पण जेवण न्हाईच. पहिल्या आठवड्यात उंदीर ठेवला, सकाळी तसाच. फेकला. दुसऱ्या आठवड्यात तसाच. डॉक्टरीण फोनवर म्हणली, "आजी, वजन आणखी उतरलं तर तोंडात नळी घालून भरवावं लागंल, आणि त्यात काही पिल्लं जातात." मला वाटलं, पिंडापुढं बोललेला शब्द मी मोडणार.

परवा तिसऱ्यांदा ठेवला. चादर टाकली, दार ओढलं आणि स्वैपाकघरात येऊन बसले. ताट वाढून घेतलं. मेथीची भाजी व्हती. मधी एक दार, पलीकडं ती, अलीकडं मी. दहादा उठावंसं वाटलं. दारापाशी जाऊन कान लावला आणि स्वतःलाच शिवी देऊन परत बसले. मग मी जेवले, दिपे. पुरी भाकरी. भिंतीकडं न्हाई, दाराकडं तोंड करून.

सकाळी चादर उचलली. ताटली रिकामी! शेंगुळी कोपऱ्यात, मधी फुगलेली, डोक्यावर स्वतःचीच शेपटी घेऊन पडली व्हती. मी खाली बसले. पदरानं तोंड पुसलं. कुणाला तरी सांगावं म्हणून उठले आणि कुणाला सांगायचं ते सुचंना. यमुना बोलत न्हाई. तुझा नंबर मी अजून खोडलेला न्हाई, बोट तिकडंच गेलं व्हतं.

तुझ्या बापाला लावला. मी म्हणले, "दत्तू, जेवली."

"कोण?"

"शेंगुळी. दिपीची."

मागं कंपनीचा भोंगा वाजला, तेवढा ऐकू आला. मग म्हणला, "आई, तू गोळी घेतलीस का?" आणि ठेवला. पण ठेवायच्या आधी त्यानं नाक ओढलं. मी त्याची आई हाय, मला सर्दी आणि रडू यातला फरक कळतो.

तर आता माझा शब्द लिहून देते, घाटावर नुसता बोलले व्हते. शेंगुळीला धूर लागू देणार न्हाई. जिता उंदीर घालणार न्हाई. दर आठवड्याला ठेवीन आणि दार लावून बाहेर बसेन. न्हाई खाल्लं तर तिच्यावर रुसणार न्हाई. पुढच्या दिवाळीला घरातलं कुणी ताट घेऊन गच्चीवर गेलं, तर मी खालनं ओरडणार न्हाई, आणि दुसऱ्या कुणाला ओरडू देणार न्हाई. माझ्यात जीव हाय तोवर.

पण डॉक्टरीण म्हणली, हे साप नीट सांभाळले तर पंचवीस-तीस वर्षं जगतात. मी चौऱ्याहत्तरची. हिशोब तू कर, तुला जमायचा.

तुझी आजी,
सरूबाई

ता. क. तुझा पत्ता मला ठावूक न्हाई, म्हणून पाकिटावर भोसरीचा घातलाय. दत्तू, पाकीट तुझ्या नावाचं हाय, तेव्हा इथवर तूच वाचलं असणार. माझ्यामागं हिला कोण बघणार, याचं उत्तर दिपीनं द्यायचं न्हाई. तिच्या आईनं न्हाई, आत्यानं न्हाई. तू द्यायचंस. फोनवर चालणार न्हाई. इथं ये, तिला हातात घे, आणि मग बोल.